सोमवारची ट्रायल

१

त्या दुकानात ट्रायल सोमवारीच व्हायची. मास्तरांच्या आजोबांनी कधीतरी तसं ठरवलं होतं. का ठरवलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि पुढच्या दोन पिढ्यांनी विचारलंही नाही. मंगळवारी माप, बुधवारी कापणी, शनिवारपर्यंत कच्चे टाके, रविवारी दुकान बंद आणि सोमवारी ट्रायल. त्यामुळे मापाच्या चिठ्ठीवर तारीख घालायची पद्धतच नव्हती. वर माप, खाली फक्त ‘ट्रायल – सोमवार’. ज्याला यायचंय त्याला कुठला सोमवार ते ठाऊक असतं, असं मास्तरांचे वडील म्हणायचे.

दुसरी पद्धत चिठ्ठी टाचण्याची. माप लिहून झालं की एक चिठ्ठी गिऱ्हाइकाला द्यायची, दुसरी तिथल्या तिथे कापडाला टाचायची आणि कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढेपर्यंत काढायची नाही. मास्तर आता अठ्ठ्याहत्तरचे होते. गुडघे कुरकुरत होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पण चिठ्ठी टाचायला त्यांना डोळे लागत नसत, हात आपणहून जायचा. दुकानाच्या पुढच्या भागात मुलगी बसायची. चेन बदलणं, पँट आखूड करणं अशी दुरुस्तीची कामं ती करायची आणि मधूनमधून बापाकडे अशा नजरेनं बघायची की यांना आता घरी कधी बसवावं. मास्तरांना ती नजर कळायची आणि त्यांचं डोकं फिरायचं.

त्या मंगळवारी दुपारी दारावरची घंटी वाजली आणि साठीचा एक भरल्या अंगाचा माणूस आत आला. त्याच्या दंडाला धरून, काठी टेकत एक म्हातारी बाई आल्या. त्यांच्या काखेत पत्र्याचा एक चपटा डबा होता.

“कोट शिवायचाय,” माणूस म्हणाला. “पुढच्या बुधवारी स्मारकापाशी कार्यक्रम आहे. युद्धाला साठ वर्षं झाली ना. वडिलांची पदकं लावून यावं, असं पलटणीच्या ऑफिसचं पत्र आलंय.”

“वडील स्वतः नाही येणार?”

“ते युद्धातच गेले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.” हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलेलं असावं की त्यात आता काही उरलं नव्हतं. “ही माझी आत्या. आईनं पुढे दुसरा संसार थाटला. मला हिनंच वाढवलं. स्वतःच्या लग्नाच्या भानगडीत काही पडली नाही.”

“पाडायला कोणी आलं नाही,” आत्याबाई म्हणाल्या आणि खिडकीखालच्या बाकावर बसल्या. डबा काखेतून मांडीवर आला, पण हातातून सुटला नाही.

माणूस पाणीपुरवठ्यात पंपावर होता, आता निवृत्त. मास्तरांनी मनातल्या मनात त्याला पंपवाले म्हणायला सुरुवात केली. त्यांची गिऱ्हाइकं त्यांच्या डोक्यात अशीच राहत. पंपवाल्यांच्या पायांना सूज होती आणि तपकिरी बुटांच्या नाड्या कशाबशा अडकवलेल्या होत्या, हेही त्यांनी टिपलं.

आत्याबाईंनी डबा उघडला. त्यात पिवळी पडलेली तार होती, दोऱ्यानं बांधलेली नऊ पत्रं होती, एक ओळखपत्र होतं. रुमालाच्या गाठीत तीन पदकं होती. दोन सगळ्यांना मिळतात तशी होती आणि तिसरं, चांदीचं, मेल्यानंतर दिलेलं. पलटणीच्या ऑफिसचं पत्र नवंकोरं होतं. पदकांचा क्रम त्यात दिला होता आणि खाली ठळक अक्षरांत नियम होता: ज्यानं पदकं मिळवली त्यानं ती डाव्या छातीवर लावावीत, नातेवाइकांनी उजव्या.

“आणि हे तुमचं,” त्या म्हणाल्या.

ती मापाची चिठ्ठी होती. वर दुकानाचा शिक्का. छाती छत्तीस, खांदा सतरा, बाही चोवीस. खाली ‘ट्रायल – सोमवार’. अक्षर मास्तरांचंच होतं, अठरा वर्षांच्या मास्तरांचं, शेपट्या काढलेलं आणि हुशारी दाखवणारं.

“शेवटच्या सुट्टीत दादानं कोट टाकला होता इथे,” आत्याबाई म्हणाल्या. “शुक्रवारीच परत बोलावणं आलं. ट्रायल राहिलीच. मी इथे येऊन सांगून गेले होते. म्हटलं, तो आला की येईल ट्रायलला, तोवर कोट ठेवा. काउंटरवर जो होता तो म्हणाला, ठेवतो.”

“मग?” मुलीनं मशीन थांबवून विचारलं.

“मग तार आली. कोट कोण विचारायला येणार?”

मास्तर टेप शोधायला खाली वाकले. टेप गळ्यातच होती.

त्यांना सगळं आठवत होतं. वडील माप सांगत होते, ते लिहीत होते, आणि त्यांच्या गळ्यातली टेप दोनदा खाली पडली म्हणून तो फौजी हसून म्हणाला होता, “टेप्या, नीट लिही बाबा. सरकार मला आणखी बारीक करून पाठवेल, त्याला तू जबाबदार नाहीस.” त्याच्याशिवाय त्यांना टेप्या कोणीच म्हटलं नाही, आधीही नाही आणि नंतरही. कोट दोन वर्षं मागच्या खुंटीवर होता. मग एका हिवाळ्यात गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, तसलं कापड मिळेना, आणि त्यांनी तो गुपचूप उसवून दुसऱ्यासाठी कापला. स्वतःच्या हातानं कापलेला त्यांचा पहिला कोट तो. वडिलांनी विचारलं तेव्हा ‘त्याच्या घरच्यांनी नेला’ म्हणून सांगितलं.

यातलं काही न बोलता त्यांनी पंपवाल्यांचं माप घेतलं. छाती चव्वेचाळीस, पोट सेहेचाळीस.

“पोट थोडं कमी लिहा,” पंपवाले म्हणाले.

“चिठ्ठीवर कमी लिहितो. कोटात नाही करता येणार.”

पंपवाले हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मास्तर, सोमवारी कोट होईल ना नक्की? डॉक्टर हिच्याबद्दल काही धड बोलत नाहीत. साठ वर्षं तो डबा उशाशी घेऊन झोपते. कोणाला हात लावू देत नाही. मला एकदा त्या पदकांत बघेल आणि डबा खाली ठेवेल, एवढंच मला हवंय. मग निवांत राहील माझ्याजवळ चार वर्षं. ती सोडून मला कोणी नाही.”

“सोमवारी कोट होईल,” मास्तर म्हणाले.

पदकं आणि ऑफिसचं पत्र ठेवून ते दोघे गेले. डबा आत्याबाईंबरोबर गेला. जुनी चिठ्ठी मात्र कापडाशेजारी टेबलावरच राहिली.

२

शुक्रवारी सकाळी कच्च्या टाक्यांचा कोट पुतळ्यावर चढवला आणि मास्तर दोन पावलं मागे सरून बघत राहिले. कोट सुरेख झाला होता. खांदा असा बसला होता की गेल्या दहा वर्षांत त्यांच्या हातून असा बसला नव्हता. पण तो भलत्याच माणसाचा होता. कंबरेत निमुळता, छातीला चपटा, उभं राहायची शिस्त असलेल्या कोणा बारीक माणसाचा.

मुलगी चहा घेऊन आली. तिनं कोटाकडे बघितलं, मग बापाकडे.

“बाबा, ते काका यात कसे मावतील?”

“कच्चा आहे अजून.”

“कच्चा असला म्हणून काय झालं?” तिनं अस्तर उलटलं. आत चिठ्ठी टाचलेली होती. छाती छत्तीस. नवी चिठ्ठी खडूच्या डबीखाली सापडली.

म्हणजे हात आपणहून गेला होता आणि त्यानं भलतीच चिठ्ठी उचलली होती. कापतानाही त्यांनी त्याच चिठ्ठीकडे बघून कापलं होतं, अख्खा बुधवार. मुलीनं कप उचलला आणि जाता जाता म्हणाली, “डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेते.”

कापड जास्तीचं मागवलेलं होतं, ते कामी आलं. मास्तरांनी दारं बंद केल्यासारखं डोकं बंद केलं आणि कामाला लागले. पुढचे दोन्ही भाग नवे कापले, पाठ नवी कापली, चव्वेचाळीसच्या हिशोबानं आणि शिवणीत दोन इंच जास्तीचं कापड, म्हणजे माया, ठेवून. जुनी चिठ्ठी टाचणीसकट काढून पदकांच्या खणात टाकली. कोट अंगावर चढायच्या आधी चिठ्ठी काढायची नाही, हे त्यांना आठवलं. पण चिठ्ठीच चुकीची होती, तिथे नियम कसला पाळायचा.

चुकलं म्हणजे चुकलं, ते स्वतःला समजावत होते. या वयात होतं. खांदा मात्र फारच छान बसला होता, आणि तो त्यांनी उसवला होता. दिवसभर त्यांचा जीव कुठे लागला नाही.

३

शनिवारी त्यांनी पदकं पट्टीवर बसवली. जुन्या फिती कुजल्या होत्या, त्या बदलून नव्या लावल्या. मग कोटाच्या उजव्या छातीवर दोऱ्याचे दोन फासे विणले. पट्टीचे आकडे त्या फाशांत अडकतात, म्हणजे कापडाला भोक पडत नाही. उजवी बाजू त्यांनी तीनदा पडताळून पाहिली. पत्र समोर उघडं ठेवलं होतं. इतकंच काय, खडूनं ‘उ’ काढला, मुलीला हाक मारली आणि विचारलं, “ही उजवी ना?”

“उजवीच, बाबा.” ती हे इतक्या मायेनं म्हणाली की त्यांना भलताच राग आला.

दुपारी ते जेवायला वर गेले. खाली मुलगी होती, समोरच्या बसथांब्यावर माणसं होती, कुठेतरी रस्ता खोदायचं मशीन घरघरत होतं. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा फासे डाव्या छातीवर होते.

आपण आरशातलं प्रतिबिंब बघतोय असं त्यांना आधी वाटलं. पुतळा तीन पाखांच्या, तिन्ही बाजूंनी दाखवणाऱ्या आरशासमोर उभा होता, तशी चूक होऊ शकते. ते कोटापाशी गेले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. फासे डावीकडेच होते. त्यांचाच दोरा, त्यांचाच टाका. मग त्यांनी उजवी बाजू बोटांनी चाचपली, एकदा आणि परत एकदा. लोकरीच्या कापडातून टाका काढला तर सुईची खूण राहते. बोटाला लागते, इस्त्री केली तरी लागते. उजवी छाती गुळगुळीत होती, तिथे सुई कधी लागलीच नव्हती. खडूचा ‘उ’ही नव्हता.

“कोणी आलं होतं?” त्यांनी विचारलं.

“नाही. का?”

“हे फासे डावीकडे कोणी केले?”

मुलगी उठून आली. तिनं फाशांवरून बोट फिरवलं. “बाबा, तुम्हीच केले ना,” ती म्हणाली. “सकाळी मला विचारलंत, ही उजवी ना म्हणून. मी मान वर करून नीट बघितलं नाही. चुकलंच माझं.”

तिचं म्हणणं सरळ होतं आणि सरळ म्हणणं खरं असायची शक्यताच जास्त असते. त्यांनी फासे उसवले. डावीकडे सुईच्या खुणा राहिल्या, स्पष्ट, जशा राहायला हव्यात तशा. मग उजवीकडे नवे विणले, आणि पट्टी खणात घालून किल्ली खिशात टाकली.

संध्याकाळी फोन आला. आत्याबाई होत्या.

“मास्तर, सोमवार नक्की ना? मीही येणारे हो. भाचा म्हणतो, कशाला दगदग. पण मी येणार.”

“या की.”

“मला आपलं चैन पडत नाही. दोन दिवस डबा पण बेचैन आहे.” त्या स्वतःच हसल्या. “म्हणजे मीच. त्याचं शेवटचं पत्र परत वाचलं. त्यात आहे, कोटाचं सांगून आलीस ना, त्या पोराला नीट बजावलंस ना. मास्तर, तो काउंटरवरचा कोण होता हो? तुम्ही तर नव्हे?”

रस्त्यावरचं मशीन तेवढ्यात थांबलं. फोनमध्ये आत्याबाईंचा श्वास ऐकू येत होता.

“होता कोणीतरी कामाला,” मास्तर म्हणाले. “सोडून गेला.”

“हं,” आत्याबाई म्हणाल्या. “चांगला होता. ठेवतो म्हणाला होता.”

४

रविवारी सकाळी फिरायला जातो म्हणून मास्तर घरातून निघाले आणि जिना उतरून मागच्या दारानं दुकानात शिरले. आपल्याच दुकानात चोरासारखं शिरायची त्यांना लाज वाटली. पण रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता आणि तो टेपनंच मरणार होता.

बंद शटरच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. दुकानात इस्त्रीच्या वाफेचा आणि लोकरीचा तोच वास होता जो त्यांच्या जन्मापासून होता. कोट पुतळ्यावर होता. फासे उजवीकडेच होते. मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि छातीवरून टेप फिरवली.

छत्तीस.

त्यांनी टेप उलटी करून पाहिली. टेपा जुन्या झाल्या की लांबतात आणि माप कमी दाखवतात, पण आठ इंचांनी नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी पुढे जाऊन मुलीच्या खणातली नवी टेप आणली. छत्तीस. खांदा सतरा. बाही चोवीस. त्यांनी शिवण उलटून पाहिली. दोन इंच माया आत जशीच्या तशी होती, कोणी हात लावला नव्हता. कापडच तेवढं होतं. आणि अस्तराला आतून चिठ्ठी टाचलेली होती, शेपट्या काढलेल्या अक्षरातली. खणाची किल्ली त्यांच्या खिशात होती, मुठीत घट्ट धरल्यामुळे तळहाताला रुतत होती.

मागे कड्या वाजल्या.

ट्रायल-रूम म्हणजे कोपऱ्यातली एक अरुंद जागा होती. आत स्टूल, खुंटी, आणि पुढे दांड्यावर पितळी कड्यांचा पडदा. रिकामी असली की पडदा उघडा ठेवायचा, असा मुलीचा दंडक होता. आता पडदा ओढलेला होता आणि शेवटची कडी अजून हलत होती. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता, खाली वीतभर फट होती. फटीत काही नव्हतं. नुसती फरशी, आणि तिच्यावर उन्हाची एक पट्टी.

मागच्या दारातून वारा आला असेल, मास्तर स्वतःला म्हणाले. दार लावायचं राहिलंय. त्यांनी वळून पाहिलं. दार लावलेलं होतं.

पडदा त्यांनी उघडला नाही. उघडला असता तर आत काही नसतं, याची त्यांना जवळजवळ खात्री होती. ते कोटाकडे पाठ न करता मागे मागे सरकत दारापर्यंत गेले. मुलीला सांगावं असं जिना चढताना तीनदा मनात आलं. पण सांगणार काय? कोट लहान होतो म्हणून? संध्याकाळपर्यंत तिनं दुकानाची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली असती. आणि उद्या त्या बाईंना कोट कोण दाखवणार होतं? जेवताना मुलीनं विचारलं, “बरं नाही का?” ते म्हणाले, “बरं आहे.”

५

सोमवारी अकराच्या सुमारास पंपवाले आणि आत्याबाई आले. मुलगी पितळी बटणं आणायला बाजारात गेली होती. ऊन छान पडलं होतं. आत्याबाई खिडकीखालच्या बाकावर बसल्या, काठी बाकाच्या कडेला अडकवली आणि डबा मांडीवर घेतला. आज त्यांनी केस नीट विंचरले होते.

“जा, तो जाड सदरा काढ,” त्या भाच्याला म्हणाल्या.

“आत्या, मी साठ वर्षांचा आहे.”

“म्हणून काय असल्या जाड सदऱ्यावरून कोट घालणार आहेस?”

पंपवाले हसत ट्रायल-रूममध्ये गेले. पडदा ओढला गेला, कड्या वाजल्या. “मास्तर, झालं की हाक मारतो, कोट द्या,” आतून आवाज आला.

मास्तर खणाकडे वळले. कोट पंपवाल्यांच्या अंगात होणार नाही, हे त्यांना माहीत होतं. काय बोलायचं ते त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. माझ्या हातून चूक झाली, दोन दिवस द्या, बुधवारी सकाळी सातला घरी आणून देतो. आणि एकदाचं तेही सांगून टाकायचं. काउंटरवरचा मीच होतो. खण उघडून त्यांनी पट्टी काढली. चांदीचं पदक हाताला कोमट लागलं. खणावर ऊन पडत असेल.

वळले तर पुतळा उघडा होता, आणि गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं होतं.

पंपवाल्यांनी स्वतःच घेतला असेल हात लांब करून. मास्तर पुढे गेले. ट्रायलला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. आधी खांदा, मग पाठ, मग बाही, तोंड सगळ्यात शेवटी. तोंडाकडे बघितलं की मन भिडेला पडतं आणि चूक दिसत नाही. त्यांनी खांद्यावरून हात फिरवला. कुठे चुणी नव्हती. पाठ सपाट बसली होती. बाही मनगटाच्या हाडावर बरोबर थांबत होती. आयुष्यात असा कोट त्यांच्या हातून झाला नव्हता आणि त्यांना, काही कळायच्या आत, आनंद झाला. मग त्यांच्या बोटांना कापडाखालचं अंग लागलं. ते चव्वेचाळीसचं नव्हतं.

“टेप्या,” वरून आवाज आला, “पाठीत ओढतंय का बघ.”

मास्तरांचे हात जागच्या जागी राहिले. बाहेर बस थांबली, दार उघडल्याचा फुसकारा ऐकू आला, बस निघून गेली.

“नाही ओढत,” ते म्हणाले. आपला आवाज इतका साधा कसा निघाला, याचं त्यांना नवल वाटलं.

“लाव मग.”

पट्टी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती उजव्या छातीकडे नेली. फासे तिथे नव्हते.

“डावीकडे.”

“नियम आहे,” मास्तर म्हणाले. “नातेवाइकांनी उजवीकडे लावायची.”

“हो,” आवाज म्हणाला. “नातेवाइकांनी.”

ते बाजूच्या बुटक्या स्टुलावर बसले, कोटाचा घेर बघायला बसतात तसे. नजर आपोआप फरशीवर गेली. समोरच्या पायांकडे त्यांनी बघितलं नाही. त्यांच्या पलीकडे, कोपऱ्यातल्या पडद्याखालच्या फटीत, सुजलेल्या पायांवर ताणलेले तपकिरी बूट होते. एक नाडी सुटलेली. एका पायावरचा भार दुसऱ्यावर गेला आणि बूट किंचित कुरकुरला.

तेव्हा ते ओरडू शकले असते. पडदा चार पावलांवर होता. जाऊन पंपवाल्यांना बाहेर ओढलं असतं, तर जे काही समोर उभं होतं ते उजेडात टिकलं असतं की नाही कोण जाणे. पण त्यांच्या मनात आलं ते वेगळंच. हा माणूस ट्रायलला आलाय. साठ वर्षं उशीर झाला, तो त्याचा नव्हता.

ते उठले.

“तो पहिला कोट मी उसवला,” ते म्हणाले. “ठेवतो म्हणालो होतो. ठेवला नाही.”

“माहितीय,” आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच मास्तरांना रडू फुटायच्या बेतात आलं. “हा बरा झालाय. लाव.”

डाव्या छातीवर फासे तयार होते. मास्तरांनी एक आकडा अडकवला, मग दुसरा. कापडाखाली काही धडधडत नव्हतं. एकदाच, फक्त एकदा, त्यांनी आरशाकडे नजर टाकली. मधल्या पाखात पदकं दिसली, कॉलर दिसली, नीट दाढी केलेली तरुण हनुवटी दिसली. त्याच्या वर खिडकीतलं ऊन काचेवर पडून नुसता पांढरा उजेड होता.

मग अस्तराशी काहीतरी खसखसलं आणि मापाची चिठ्ठी त्यांच्या तळहातावर ठेवली गेली, टाचणीसकट. कोट अंगावर चढला होता. आता चिठ्ठी काढायला हरकत नव्हती.

६

त्यांची पाठ दुकानाकडे होती. त्यांनी वळून बघितलं नाही, आणि पुढे कितीही वेळा कोणी विचारलं तरी ते हेच सांगणार होते की मी बघितलं नाही, ऐकलं फक्त.

खिडकीपाशी पावलं थांबली.

“आलास?” आत्याबाई म्हणाल्या. “केवढा वेळ लावलास.”

“ट्रायल होती.”

“बघू.” कापडावरून हात फिरल्याचा आवाज आला, सावकाश, खांद्यापासून मनगटापर्यंत. “बारीक झालास रे.” मग बऱ्याच वेळानं, “छान दिसतोस.”

“चल.”

“चल,” त्या म्हणाल्या. पत्रा फरशीला टेकल्याचा आवाज झाला. बाक करकरला. पावलं दाराकडे गेली, दोघांची, एका लयीत, आणि त्यात काठीचा ठोका नव्हता. दारावरची घंटी वाजली.

घंटी शांत होईपर्यंत मास्तर आरशासमोर उभे राहिले. मग वळले. रस्ता नेहमीसारखा वाहत होता. बसथांब्यावर दोन-तीन माणसं होती, त्यात ओळखीचं कोणी नव्हतं. काठी बाकाच्या कडेला अडकवलेली तशीच होती. डबा बाकाखाली फरशीवर होता, झाकण नीट लावलेला. साठ वर्षांत पहिल्यांदा खाली ठेवलेला.

पंपवाल्यांना एवढंच हवं होतं.

कोपऱ्यात कड्या किंचित वाजल्या. पडद्याच्या कडेनं एक जाडजूड, उघडा हात बाहेर आला आणि पंजा पसरून हवेत थांबला.

“मास्तर, कोट देताय ना? कधीचा उभा आहे आत,” पंपवाले म्हणाले. आवाजात चेष्टा होती, आणि त्याखाली लहान मुलासारखी घाई होती. “आणि आत्याला म्हणावं, कंटाळू नकोस. आलोच.”

मास्तरांनी हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं, मग डब्याकडे, मग त्या पसरलेल्या हाताकडे. काहीतरी सांगायला हवं होतं. त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो त्यांच्या स्वतःच्याच जुन्या आवाजात होता, काउंटरवरच्या, हुशारी दाखवणाऱ्या.

“आणतो,” ते म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.